रेघ चालू ठेवू की बंद करू?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकला बँकेत आहे, वय ३१. दीड वर्षापूर्वी प्लेस्टेशन घेतलं. रात्री जेवणं आटोपली की तासभर ग्रॅन टुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. रस्त्यावर उमटणारी ड्रायव्हिंग लाइन (कुठून जायचं, कुठे ब्रेक मारायचा ते रंगाने दाखवणारी रेघ) पहिल्या दिवसापासून चालूच आहे. माझा एक मित्र म्हणतो, ‘रेघ लावून खेळणं म्हणजे गाइड उघडून पेपर लिहिणं.’ त्याच्या बोलण्याला चिडून गेल्या रविवारी ती बंद केली, तर बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर माझा लॅप, म्हणजे एक फेरी, सहा सेकंदांनी मागे पडला आणि दोनदा गाडी थेट ट्रॅकबाहेर. ही खरंच चीटिंग आहे का? बंद करावी का?
— सहा सेकंदवाला, नाशिक

उत्तर : मित्राची उपमा झकास आहे, पण लागू पडत नाही. गाइड उघडून पेपर लिहिला तर निदान मार्क तरी भरपूर पडतात. रेघ बघून चालवणाऱ्याला मार्कही बेताचेच पडतात. माझी तक्रार तेवढीच आहे.

चीटिंगबिटिंग काही नाही. खऱ्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवतात तिथे कुठे ब्रेक मारायचा, कुठे वळायचं, वळणाच्या आतल्या कडेला कुठे टेकायचं, हे दाखवायला सर्रास कोन मांडून ठेवतात. रॅलीत तर शेजारी माणूस वही घेऊन बसलेला असतो आणि पुढचं वळण वाचून दाखवतो. त्यांना कोणी कॉपीबहाद्दर म्हणत नाही.

पण तुमचे सहा सेकंद कुठे गेले ते सांगते. त्यासाठी साताऱ्याला यावं लागेल.

माझं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे, २२ वर्षं झाली. शिकवायच्या गाडीत माझ्याही बाजूला ब्रेक आणि क्लच असतो. काही वर्षांपूर्वी चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ शिकायला आले. हात स्वच्छ, क्लच अलगद, पंधरा दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. मी घरी जाऊन कौतुकसुद्धा केलं. सोळाव्या दिवशी माझ्या पायाला मुंग्या आल्या म्हणून मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. पोवई नाक्याकडे येताना समोर रिक्षा थांबली, आणि हे गृहस्थ थांबेचनात. मी ओरडले, हँडब्रेक ओढला, वीतभर अंतर राहिलं. गाडी बाजूला घेतली तर ते घाम पुसत म्हणतात, ‘मॅडम, तुम्ही पाय का नाही हलवला?’ पंधरा दिवस ते रस्ता बघतच नव्हते. डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्या चपलेचा अंगठा बघत होते. तो हलला की ब्रेक.

तुमची रेघ म्हणजे माझी चप्पल.

हे मी वरून उपदेश करत नाहीये. माझीही तीच गत झाली होती. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, त्याचं स्टिअरिंग व्हील टेबलाला तसंच अडकवलेलं राहिलं, आणि दुपारी दोन ते चार क्लासला गिऱ्हाईक नसतं. इटलीतला मोंझा माझा लाडका ट्रॅक. ११ महिने रोज दहा-बारा लॅप. दिवाळीला पोरगा आला, न सांगता सेटिंगमध्ये जाऊन रेघ बंद केली आणि चहा प्यायला आत गेला. मी सुरुवातीच्या सरळ रस्त्यावरून सुसाट निघाले आणि पहिली शिकेन (लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांची जोडी) कुठे आहे तेच मला कळेना. सरळ निघून गेले. पुन्हा केलं, पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा घाबरून इतक्या आधी ब्रेक मारला की मागचा माझ्यावर आदळला. हजारांच्या वर लॅप मारलेल्या ट्रॅकवर, ब्रेक कुठे मारायचा याची एक खूण मला सांगता येत नव्हती. ११ महिने मी मोंझाला गेलेच नव्हते, एका रंगीत पट्टीला गेले होते.

त्याचं कारण साधं आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ५५ मीटर जाते. रेघ बघणाऱ्याची नजर बॉनेटच्या पुढे वीस-तीस मीटरवर चिकटते, म्हणजे तुम्ही अर्ध्या सेकंदानंतर जिथे असाल तिथे बघताय. चालवणाऱ्याची नजर वळणाच्या आतल्या टोकावर, आणि गाडी तिथे पोचायच्या आत बाहेर पडायच्या जागेवर हवी. यवतेश्वरच्या घाटात मी पोरांना हेच सांगते, ‘कठड्याकडे बघशील तर कठड्यात जाशील.’ (घाटाचं नाव काढलंच आहे तर एक गोष्ट. वळणात बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर ही रेसिंग लाइन फक्त ट्रॅकवरची आहे. घाटात निम्मा रस्ता समोरून येणाऱ्याचा असतो. गेम खेळून आलेला एक मुलगा माझ्यासमोर हे करायला गेला, त्याला मी तिथेच उतरवून शेजारी बसवलं.)

दुसरी गोष्ट, रेघ ‘कुठे’ सांगते, ‘का’ सांगत नाही. बाहेरून आत का शिरायचं? वळणाचा घेर जितका मोठा तितका वेग टिकतो. घेर दुप्पट केला तर वेग साधारण १.४ पट ठेवता येतो. ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरायची ती घेर मोठा करायला. इथपर्यंत रेघही बरोबर दाखवते. पण कोणत्या वळणात आत शिरताना वेळ वाचवायचा आणि कोणत्या वळणात तो सोडून द्यायचा, हे तिच्याकडून कळत नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आठवतं? तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. तिथे वळणात शूरपणा दाखवण्यात अर्थ नाही. उशिरा आत टेकायचं, गाडी लवकर सरळ करायची, ॲक्सिलरेटर आधी दाबायचा, मग ती कमाई पुढच्या सरळ रस्त्यावर बराच वेळ पुरते. शिवाय त्या वळणाचं तोंड मुद्दाम रुंद ठेवलंय, एकापेक्षा जास्त वाटांनी शिरता यावं आणि ओव्हरटेक व्हावं म्हणून. गेमच्या रेघेला एकच वाट माहीत. २०११चा एफवन गेम सप्टेंबरात आला आणि तिथली पहिली शर्यत झाली ३० ऑक्टोबरला. म्हणजे ती शर्यत जिंकणाऱ्या वेटेलच्या आधी आमचा पोरगा बुद्धवर शर्यत जिंकून बसला होता, रेघ लावून. मग टीव्हीवर खरे ड्रायव्हर तिसऱ्या वळणात दोन-दोन वाटांनी शिरताना बघून म्हणाला, ‘आई, हे चुकीचं चालवतायत.’

तिसरी गोष्ट ब्रेकची. रेघ लाल झाली की आपण पाय दाबतो, रंग बदलला की उचलतो, म्हणजे दिव्याचं बटण दाबल्यासारखं. ब्रेक असा मारायचा नसतो. सुरुवातीला जोरात, आणि स्टिअरिंग वळायला लागलं की हळूहळू सोडत सोडत वळणात शिरायचं. त्याने पुढच्या चाकांवर भार राहतो आणि गाडीचं नाक आत येतं. किती सोडायचा हे रंगात दिसत नाही. ते हाताला जाणवतं, टायरच्या आवाजात ऐकू येतं. रेघेकडे टक लावून बसलेल्याला आवाजही ऐकू येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.

आता करायचं काय. एकदम बंद करू नका, रविवारी केलंत तसं. स्पा तर त्यासाठी सगळ्यात वाईट ट्रॅक आहे: ७ किलोमीटरचा, आणि ओ रूज नावाच्या वळणातून वर चढताना पुढचं काही दिसत नाही. तिथे रेघही चढावाच्या पलीकडे गडप होते, तुम्ही बघितलंच असेल. छोटा, ओळखीचा ट्रॅक घ्या. गाडीही मध्यम घ्या, ताकदीची नको. टाइम ट्रायलला एकटे जा. रेघ चालू ठेवून दोन लॅप निम्म्या वेगाने मारा आणि रस्त्याच्या कडेला काय काय आहे ते बघत जा, जत्रेत फिरल्यासारखं. मी शंभर पानी वही घेतली होती. मोंझाचं पान अजून आहे: ‘पहिली शिकेन: अंतराचा फलक (वळण किती मीटरवर ते सांगणारा), नंतर पाय. अस्कारीची वळणं: जुन्या बँकिंगचा पूल डोक्यावरून गेला की तयारीत.’ तो पूल म्हणजे १९५५ साली बांधलेल्या कलत्या ट्रॅकचा भाग, आजचा ट्रॅक त्याच्या खालून जातो. ११ महिने मी त्या पुलाखालून रोज जात होते आणि मला तो दिसला नव्हता!

खुणा लिहून झाल्या की मधला टप्पा. तुमच्या गेममध्ये रेघेऐवजी नुसती ब्रेकची जागा किंवा वळणावरचे कोन दाखवायची सोय आहे. फोर्झा या दुसऱ्या गेममध्ये फक्त ब्रेकिंगपुरती रेघ ठेवता येते, एफवनच्या गेममध्ये फक्त वळणांपुरती. मला विचाराल तर कोन सगळ्यात चांगले. कोन जागा दाखवतो आणि गप्प बसतो, तिथपर्यंत कसं जायचं ते तुम्हाला शोधावं लागतं. आठवडाभराने तेही बंद. शिवाय घोस्ट लावा, म्हणजे तुमच्याच आधीच्या चांगल्या लॅपची भुताटकी गाडी पुढे पळते. कोणत्या वळणात ती लांब जाते ते बघा, नुसतं त्या वळणावर काम करा.

वेळ मागे पडणारच. मी पहिल्या संध्याकाळी चार सेकंदांनी मागे होते. तीन आठवड्यांनी जुन्या वेळेला टेकले आणि त्याच महिन्यात ०.८ सेकंदाने पुढे गेले. तुमचं किती होईल सांगता येत नाही, तुमची नोकरी मार्चएंडची आहे.

आणि जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची मोठी चक्कर असेल, जवळपास २१ किलोमीटर आणि सत्तरच्या वर वळणं, तर महिनाभर खुशाल रेघ लावा. मीही लावते. त्या मित्राला विचारा त्याने तिथे काय केलं होतं.

प्रश्न : मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. रेघ लाल झालेली समजत नाही, त्यामुळे ऑनलाइन सगळे मला हसतात. रेघ बंद केली तर अजून हाल. मी काय करावं? वय ४४, सोलापूर.

उत्तर : दादा, तुमच्यासारखे पुरुष पुष्कळ आहेत, बायकांपेक्षा कितीतरी जास्त. तो दोष ज्या एक्स गुणसूत्रावरून येतो ते पुरुषांकडे एकच असतं. हसणाऱ्यांपैकी एखाद्यालाही तो असेल आणि ठाऊक नसेल.

आधी सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीची यादी उघडून बघा. फोर्झा होरायझन ५मध्ये कलर ब्लाइंड मोड आहे, इतरही अनेक गेममध्ये असतो. तेवढ्याने जमलं तर उत्तम. नाही जमलं तर रंगावर विसंबूच नका, वर नाशिककरांना सांगितलेल्या फलकांच्या खुणा तुमच्यासाठीच आहेत. फलकावरचा आकडा वाचायला लाल-हिरवा कळावा लागत नाही. एका अर्थी तुम्ही बाकीच्यांच्या आधी त्या रेघेतून सुटाल.

आणि एक सांगते. २०२३च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये अंधांसाठी आवाजाचे असिस्ट दिलेत. वळण किती अंतरावर, कोणत्या बाजूला, ब्रेक कधी, गाडी कडेला किती सरकली, सगळं कानात ऐकू येतं. मुलाकडे पुण्याला गेले होते तेव्हा डोळ्यांवर ओढणी बांधून जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवून पाहिलं. पहिल्या प्रयत्नाला पहिल्या वळणाच्या वाळूत. सहाव्या प्रयत्नाला एसच्या नागमोडीपर्यंत पोचले, सूनबाई मागे उभी राहून व्हिडिओ काढत होती. ओढणी सोडल्यावर नेहमीसारखं चालवलं तर टायरचा आवाज आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होता. तुम्ही हे असिस्ट डोळे उघडे ठेवून, रंगाच्या जोडीला लावू शकता. ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणाच्या हसण्याचाही संबंध नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा. फोर्झा होरायझन खेळतो. त्याचे बाबा म्हणतात, रेघ काढून टाक, नाहीतर कधीच शिकणार नाही. रोज यावरून घरात रडारड. — चिपळूण

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांगा आणि रेघ परत लावून द्या. होरायझन ही जत्रा आहे. पाचव्यात तर अख्खा मेक्सिको फिरायला मिळतो, रात्र, पाऊस, जंगल, मधेच शेतातून रस्ता. तिथे रेघ पुष्कळदा नुसती वाट दाखवायचं काम करते, पुढे डावीकडे की उजवीकडे एवढंच. दहा वर्षांच्या पोराने रडत रडत ब्रेकिंग पॉइंट शिकून काय मिळवायचं आहे? मदत कमी केली की गेम बक्षिसाचे पैसे थोडे वाढवून देतो. एखाद्या दिवशी हवी ती गाडी घ्यायला पैसे कमी पडले की तो स्वतःच रेघ काढेल. तोवर बाबांनी त्याच्या शेजारी बसून आळीपाळीने कंट्रोलर हातात घ्यावा. मुलगा सहज हरवेल त्यांना, मग घरातला विषयच बदलेल.

प्रश्न : ताई, मी रेघेवर तंतोतंत चालवतो, एकट्याने खेळताना वेळही चांगली येते. पण ऑनलाइन शर्यतीत पहिल्याच वळणावर कोणाच्या तरी मागून आदळतो, आणि पाऊस आला की गाडी साबणावर ठेवल्यासारखी. चूक माझी की गेमची? — पनवेल

उत्तर : पहिल्या वळणाची चूक तुमची, पावसाची अर्धी-अर्धी.

समोरच्या गाडीच्या अगदी मागे असता तेव्हा तिने हवा कापलेली असते, म्हणून तुम्ही नेहमीपेक्षा जास्त वेगाने वळणावर येता. नेहमीच्या जागी ब्रेक मारला तर उशीर झालेलाच असतो. त्यात पंखांवर जोर असणाऱ्या गाड्यांना मागे राहून हवेचा दाब कमी मिळतो, म्हणजे पकडही कमी. रेघ ही मोकळ्या ट्रॅकवरच्या एका गाडीसाठी आखलेली असते. तुमच्या पुढे तेरा गाड्या आहेत हे तिच्या गावीही नसतं. आणि त्यातल्या निम्म्यांनी तीच रेघ लावलेली असते, सगळे एकाच वितीच्या वाटेवर, एकाच जागी ब्रेक मारणारे. सुट्टीला एसटीच्या दारात होतं तसं. पहिल्या लॅपला दोन फलकांमधलं चांगलं पाऊण अंतर आधी ब्रेक मारा आणि बाहेरची किंवा आतली, जी मोकळी असेल ती बाजू धरा. वेळ जाईल, बंपर राहील. सरावाला जाल तेव्हा मुद्दाम चुकीच्या वाटेने वळणं घेऊन बघा, आतून शिरून बाहेर फेकले जाता तेव्हा गाडी किती रुंद जाते ते कळू द्या. शर्यतीत निम्म्या वेळा तीच वाट नशिबी येते.

पावसाचं असं आहे. खऱ्या ट्रॅकवर नेहमीच्या वाटेवर टायरचं रबर घासून बसलेलं असतं. कोरड्यात तेच पकड देतं, ओल्यात तेच गुळगुळीत होतं. म्हणून पावसात ड्रायव्हर नेहमीची वाट सोडून बाहेरच्या खडबडीत डांबरावरून वळणं घेताना दिसतात. पाऊस थांबला की उलट: गाड्या ज्या वाटेने जातात ती आधी वाळते आणि बाजूला ओल राहते. ग्रॅन टुरिस्मो ७मध्ये ही वाळत जाणारी वाट आणि कडेची डबकी दोन्ही दिसतात. तुमच्या गेममध्ये रबराचा हिशेब किती धरलाय हे बघायचा सोपा उपाय: पावसात एकटे जा, एकाच वळणाला पाच वेळा रेघेवरून आणि पाच वेळा एक गाडीभर बाहेरून जा, दोन्ही वेळचा बाहेर पडतानाचा वेग लिहून ठेवा. जो आकडा मोठा, ती तुमची पावसाळी वाट. वही शंभर पानी पुरते, माझी अजून निम्मी कोरी आहे.